वाळूखालचा गाळ

बंदरावर तिला सगळे गाळबाई म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत थोड्यांचीच होती, कारण बाईंचा हात तोंडाच्या आधी चाले. एकदा मासळीच्या लिलावात एका दलालाने तिच्या गाळाच्या बरण्यांच्या खोक्याला लाथ मारली. तिने त्याला बखोटीला धरून बर्फाच्या रिकाम्या पेटीत कोंबला, झाकण लावलं आणि वर स्वतः बसली. पोलीस आला तेव्हा बाई शांतपणे चहा पीत होत्या आणि पेटी आतून धडाधडा वाजत होती. पोलिसाने आधी तिचा चहा संपू दिला, मग दलालाला बाहेर काढलं.

काम तिचं सांगायला सोपं होतं. किनाऱ्याजवळच्या समुद्राच्या तळातून, दर वर्षी त्याच जागांवरून, गाळ काढायचा आणि प्रयोगशाळेत पोचवायचा. तिथे त्यात कुठलं विष किती साचलंय ते पाहत. पाण्याला विचारून काही कळत नाही, ते आज इथे तर उद्या भलतीकडे. गाळ मात्र जागचा हलत नाही. वरून जे पडेल ते थरावर थर धरून बसतो. पण त्याच्याकडून काही काढून घ्यायचं तर वर्षानुवर्षं त्याच जागी जावं लागतं. एक वर्ष चुकलं की मागच्या सगळ्या वर्षांची साखळी तुटली. गाळबाईंनी आजवर एकही वर्ष चुकवलं नव्हतं. ताप असताना गेल्या होत्या, आई गेली त्या आठवड्यात गेल्या होत्या. त्यांच्या सगळ्या जागांत एक जागा जहाजदुरुस्तीच्या गोदीसमोर होती. पाण्याच्या टाकीचा खांब गोदीच्या क्रेनमागे लपला आणि दुसऱ्या अंगाला दीपगृह शाळेच्या छपरावर येऊन बसलं, की नांगर टाकायचा. ही खूण दोघांनाच पाठ होती. एक ती, आणि दुसरा तिचा सख्खा भाऊ.

दादा त्याच गोदीत मुकादम होता. गोदीत जहाज उतारावर ओढून घेत आणि त्याच्या पोटावरचा जुना रंग पत्र्याच्या धारदार खरवडणीने खरवडून काढत. वरचा रंग कुठलाही असो, खाली असे तांबडं अस्तर, शिशाचं. दिवसभर त्याची भुकटी उडे, माणसं तांबडी होऊन घरी जात, आणि उरलेली भुकटी संध्याकाळी पाण्याच्या फवाऱ्याने समुद्रात ढकलली जाई. दादाच्या आधी तेच काम त्यांच्या बापाने केलं होतं.

बापाबद्दल सांगायलाच हवं. तो कामावरून आला की आई आधी दारामागची काठी लपवी. काठी नसली तर पट्टा, पट्टा नसला तर ताट, मग ताटात जेवण का असेना. एकदा त्याने दादाचं डोकं भिंतीवर आपटलं तेव्हा गिलाव्याचा पोपडा निघाला. भिंत खराब केली म्हणून दादाने पुन्हा मार खाल्ला. आईचा एक कान कायमचा गेला. ठकीचा, म्हणजे आपल्या गाळबाईंचा, डावा खांदा पावसाळी हवेत अजून दुखतो. बापाच्या पोटात कळा येत, तो कुशीवर वळून गुरासारखा ओरडे, आणि कळ थांबली की उठून पुन्हा कुणालातरी बुकलून काढी. त्याच्या हिरड्यांवर निळीकाळी रेघ होती. तंबाखूची आहे, असं आई म्हणे.

मग त्याचे हात गेले. आधी उजवा, मग डावा. दंड शाबूत होते, पण मनगटं उचलेनात. पंजे ओल्या फडक्यासारखे लोंबू लागले. घरात कुणालाही वाईट वाटलं नाही. "ज्या हातांनी मारलं तेच देवाने काढून घेतले," आई म्हणाली, आणि करावं तसं भरावं याच्यापुढे त्या घरात कुणी विचार केला नाही. आई त्याच्यापुढे ताट ठेवून निघून जाई. चमचा धरता येत नसे, म्हणून बाप मान खाली घालून ताटातून तोंडाने खाई. पोरं दारात उभी राहून बघत. एकदा दादा हसला. बापाने मान वर केली, हनुवटीला भाताची शितं चिकटलेली, दादाकडे बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. त्याच वर्षी तो मेला.

दादा मोठा झाला, खरवडणी हातात आली, आणि हळूहळू बापासारखा वागू लागला. वहिनीचा ओठ पहिल्यांदा फुटला त्या दिवशी ठकी भावाच्या घरी गेली आणि धुणं बडवायच्या दांडक्याने तिने त्याला अंगणभर पळवला. दोन महिने दोघं बोलत नव्हती. तरी भाऊ तो भाऊच. तिची नोकरी नवीन होती, प्रयोगशाळेकडे स्वतःची होडी नव्हती, तेव्हा सुटीच्या दिवशी हाच तिला वल्हवत न्यायचा. त्या काळी ती गाळ काढायची लोखंडी जबड्याने. दोरीला बांधलेला जबडा तळाला टेकला की मिटे आणि वरवरचा घासभर गाळ घेऊन येई. "एवढ्याशा घाणीसाठी सरकार तुला पोसतं होय गं ठके?" दादा विचारायचा, आणि दोघं पोट धरून हसायची.

त्या वर्षी मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही. गोदीसमोरच्या गाळात शिसं दर वर्षी चढत होतं. आता सुनावणी लागली होती. याही वर्षीचा गाळ तसाच निघाला तर उघड्यावर खरवडणं बंद होणार होतं. बंदिस्त शेड बांधायची, आणि ती होईपर्यंत कामाला टाळं. गाळ वेळेत आलाच नाही, तर गोदी सुटली. मालकाने कामगारांना जमवून एवढंच सांगितलं, की ती बाई तुमच्या पोटावर पाय देतेय. पुढचं त्याला बोलावं लागलं नाही.

दादा तिच्या घरी आला तो चप्पल न काढताच.

"ती एक जागा सोड. बाकी सगळा समुद्र तुझा."

"सोडायला ती जागा काय माझ्या बापाची आहे?"

"ठके, पोरं उपाशी मरतील."

"शेड बांधा म्हणावं मालकाला. छपराखाली खरवडा ना!"

"तू शिकवू नकोस मला!" दादाने टेबल उलथवलं. तिने स्टूल फेकलं, ते त्याच्या गुडघ्याला लागलं. त्याने तिचा गळा धरून तिला कपाटावर दाबली, कपाटाची काच फुटून तिच्या पाठीत घुसली, आणि तिने त्याच्या दंडाला असा चावा घेतला की रक्त निघालं. शेजाऱ्यांनी दार ठोठावलं तेव्हा दोघं धापा टाकत जमिनीवर बसली होती. "पोटात कळ येतेय," दादा म्हणाला. "येऊ दे खुशाल," ती म्हणाली, आणि पाठीतली काच उपटून खिडकीबाहेर फेकली.

गाळ काढायला ती दुसऱ्याच दिवशी सकाळच्या ओहोटीला निघाली. नावाडी तोच नेहमीचा, बहिरा. खुणा बाई बघत, तो नुसता वल्हवायचा. तो तितकासा बहिरा नव्हता, पण नको ते ऐकू न येण्याची त्याला सोय होती. गोदीसमोर आल्यावर मात्र त्यालाही ऐकू आलं. धक्क्यावर माणसं उभी होती आणि शिव्यांच्या मागोमाग लोखंड येत होतं. बोल्ट, नट, साखळीच्या कड्या. एक बोल्ट बहिऱ्याच्या कपाळावर बसला. भुवईपासून केसांपर्यंत कातडी उघडली, आणि तो डोळ्यांतलं रक्त निपटत म्हणाला, "बाई, आजचं राहू दे, परत फिरू. पुन्हा मी यायचा नाही, आणि दुसरा कुणी तुम्हाला होडी द्यायचा नाही."

"म्हणून तर आजच."

तिने टाकी बघितली, क्रेन बघितली, दीपगृह छपरावर बसवलं आणि नांगर टाकला. या वेळी जबडा नव्हता. सुनावणीला थर दाखवायचे होते, म्हणून पुरुषभर उंचीची लोखंडी नळी होती, तिच्या आत पारदर्शक प्लास्टिकची दुसरी. ती वर लांब दांडा जोडून तळात उभी ठोकायची, वरचं तोंड बंद करायचं, म्हणजे गाळ आत धरून राहतो. मग वर ओढायची, खालून बूच मारायचं आणि प्रयोगशाळेपर्यंत उभीच न्यायची. आडवी झाली की थर कालवले जातात, आणि सगळं मुसळ केरात. ती हातोडा मारत होती आणि लोखंड अवतीभवती पाण्यात पडत होतं. एक कडी तिच्या पाठीवर आली, कालच्या काचेच्या जागीच. तिने एक अशी शिवी दिली की बहिऱ्याने कान चोळला.

नळी वर आली, बूच मारून आतली प्लास्टिकची नळी तिने उभीच बाहेर काढली, आणि ती बघून मोठ्याने हसत सुटली. वर वीतभर पिवळी, धुतल्यासारखी स्वच्छ वाळू. असली वाळू गोदीसमोर कधीच नव्हती. ती खाडीपलीकडच्या चौपाटीची. आणि वाळूच्या खाली, सुरीने कापावा तसा, काळा गाळ, त्यात तांबडे कण. कुणीतरी मालाचे पडाव भरभरून वाळू आणून नेमकी तिच्या जागेवर ओतली होती. ती जागा ठाऊक असलेला माणूस जगात एकच होता. त्या बिचाऱ्याला वाटलं, जबडा येईल, वरचा घास घेईल, पिवळीधमक वाळू घेऊन जाईल. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं?

धक्क्याच्या पायऱ्यांशी ते वाटच बघत होते. प्रयोगशाळेची गाडी वर रस्त्यावर उभी होती, मधे ही माणसं. पहिल्याने तिचे केस धरले. तिने कपाळ त्याच्या तोंडावर आपटलं, त्याचा दात तिच्या भुवईत रुतून बसला. दुसऱ्याच्या पोटात कोपर, तिसऱ्याच्या नडगीवर बूट. हे सगळं एका हाताने, कारण दुसऱ्या हातात नळी होती आणि ती उभी राहायला हवी होती. बहिऱ्याने वल्हं फिरवलं, कुणाचं तरी बरगड्यांचं हाड वाजलं, मग चौघांनी मिळून त्याला पाण्यात ढकलला. एक लाथ तिच्या कमरेत बसली. ती गुडघ्यांवर आली, पण नळी छातीशी उभी. ओल्या पायरीवर तिचंच रक्त सांडत होतं. ती मरते की काय असं तिलाच वाटलं, आणि तिला राग आला तो मरण्याचा नव्हे, तर नळी आडवी होईल याचा.

"बाजूला व्हा," दादाचा आवाज आला. माणसं सरकली.

तो समोर उभा राहिला. केसांत, भुवयांत, नखांत तांबडी भुकटी. हातात खरवडणी.

"सोड नळी."

"वाळू तू टाकलीस."

"टाकली. सोड आता."

"वरून टाकलीस रे गाढवा! ही खालपर्यंत जाते. हे बघ!" आणि तिने तोंडातलं रक्त थुंकून नळी त्याच्या नाकासमोर धरली.

त्याने बघितलं. पिवळं, मग काळं, त्यात तांबडं. आपली सगळी मेहनत त्याला त्या नळीत दिसली असावी. त्याचा चेहरा वाकडा झाला. त्याने एक थप्पड मारली, तिचा कान बधिर झाला. मग खरवडणी डोक्यावर उगारली, नळीवर की तिच्यावर ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तिने डोळे मिटले नाहीत. ती टक लावून बघत राहिली, म्हणून तिला दिसलं. दंड वर गेला, पण मनगट गेलं नाही. पंजा लोंबला. खरवडणी बोटांतून निसटली आणि धारेवर त्याच्याच पावलावर पडली. चप्पल फाटून रक्त उसळलं. तो वाकला, ती उचलायला गेला, बोटं मिटली पण पंजा उचलेना. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा पडली.

मागे कुणीतरी हसलं.

दादाने मान वर करून हसणाऱ्याकडे बघितलं. आणि ठकीने ती नजर ओळखली, बापाची, दारात उभं राहून बघितलेली.

प्रयोगशाळेच्या जिन्यात एक जुनं चित्र टांगलेलं होतं. शिशाची विषबाधा झालेला माणूस. हिरडीवर निळी रेघ, लोंबणारं मनगट, खाली बारीक अक्षरात पोटातल्या कळा, चिडखोरपणा. इतकी वर्षं ती त्या चित्राखालून गाळ घेऊन चढत होती. गाळातलं शिसं तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण त्या चित्रातला हात आपल्या बापाचा आहे, हे तिच्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं. चिखलातलं शिसं चिखलात, आणि बापाचे हात देवाच्या हिशोबात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आणखी वेगळा काय असतो?

"दादा, तोंड उघड."

"काय?"

"तोंड उघड म्हणते ना!" तिने गाळाने भरलेला अंगठा त्याच्या ओठाखाली घातला आणि ओठ वर उचलला. रेघ तिथे होती. निळीकाळी, हिरडीच्या काठाने, बापाची होती तशीच. दादाने आयुष्यात तंबाखूला हात लावला नव्हता.

ती धडपडत उठली. "ही नळी धर," ती म्हणाली. "उभी धर. आडवी केलीस तर जीव घेईन."

"हात चालत नाहीये गं," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज लहान झाला.

"मग मिठी मार तिला."

माणसं बघत राहिली. जी नळी फोडायला मुकादमाने त्यांना आणलं होतं, ती नळी तो दोन्ही दंडांनी छातीशी कवटाळून, रक्ताची पावलं उमटवत, पायऱ्या चढत होता. बहिरा पाण्यातून वर आला तेव्हा त्याला हात द्यायचंही कुणाला सुचलं नाही. तो आपला आपण चढला आणि जाता जाता सगळ्यात जवळच्या माणसाच्या कानाखाली एक वाजवून गेला.

गाळ पोचला. वाळूखालचं शिसं मागच्या वर्षापेक्षा जास्त निघालं. गोदीला टाळं लागलं आणि शेड उभी राहीपर्यंत ते निघालं नाही. बंदरावर काहीजण गाळबाई दिसल्या की अजूनही थुंकतात. बाईही थांबून परत थुंकतात, नेम त्यांचा बरा आहे.

दादाला इस्पितळात ठेवलं. रक्तात शिसं इतकं, की डॉक्टरीणबाईंनी तपासणी पुन्हा करून घेतली. खरवडणी सुटली आणि औषध चाललं तर हात बरेचसे परत येतील, त्या म्हणाल्या. ठकीने विचारलं, "आणि राग? मारहाण? तेही शिशाचंच का?"

"शिशाने माणूस चिडका होतो, हे खरं. पण घरातली प्रत्येक थप्पड शिशाच्या नावावर घालू नका."

"तेवढं कळतं मला," ठकी म्हणाली. तिचंही रक्त तपासलं होतं. त्यात शिसं नावालाच. तिचा राग तिचा स्वतःचाच निघाला.

दुपारी दादाच्या खाटेवर ताट आलं, मऊ भाताचं. वहिनी पोरांकडे गेली होती. ठकी खिडकीशी उभी होती, भुवईला टाके, कमरेला पट्टा. दादाने चमचा उचलला, तो पडला. पुन्हा उचलला, भात चादरीवर सांडला. मग त्याने चमचा बाजूला सारला, दाराकडे एकदा बघून घेतलं, आणि हळूहळू मान ताटाकडे खाली नेऊ लागला.

"मान वर कर!" ठकी अशी ओरडली की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

ती खाटेवर बसली. चमचा भरून तिने त्याच्या तोंडाशी नेला. तो तोंड उघडेना. "उघड, नाहीतर नाक दाबीन." त्याने उघडलं. दोन घास झाले. तिसरा तोंडात तसाच ठेवून तो म्हणाला, "ठके, बाबांना..."

"हो."

"एकदाही कुणी भरवलं नाही ना गं?"

"नाही. गीळ आता."

तो गिळताना रडू लागला, आणि रडताना डोळे पुसायला हात उचलायला गेला, तो पंजा तोंडाशी नुसता लोंबत राहिला. त्याच्या हनुवटीला शितं चिकटली होती. ठकीने आपल्या बाहीने ती पुसली, जरा जास्तच जोरात, आणि पुढचा चमचा भरला.